नव्व्याण्णव पूर्णांक चार

पोदेराचा भोंगा वळणावर वाजतो तेव्हा
थर्मामीटर साईशच्या जिभेखाली असतो
आणि मी ओट्याला टेकून
त्याच्या ओठांबाहेर आलेल्या त्या पांढऱ्या टोकाकडे बघत असते,
जणू तिथून हुकूम सुटणार आहे.

नव्व्याण्णव पूर्णांक चार.

हा कसला आकडा?
एकशे एक असता तर दप्तर खुंटीलाच राहिलं असतं,
अठ्ठ्याण्णव असता तर एव्हाना बुटांच्या नाड्या बांधून झाल्या असत्या.
नव्व्याण्णव पूर्णांक चार म्हणजे
तूच बघ.

त्याचे बाबाही फोनवर तेच म्हणाले.
नार्व्याच्या धक्क्यावर, पहाटेची पाळी,
मागे फेरीबोटीचं इंजिन, कुणाची तरी स्कूटर,
"फुडें घे, आनीक फुडें",
आणि मग तोंड फोनजवळ आणून: तूच बघ.

बघते.
चमच्याचं टोक जिभेवर दाबून, मोबाईलच्या उजेडात घसा.
लाल आहे. पण काल बिरिंडाचं सरबत प्यायलाय.
कान ओढून बघते. दुखत नाही म्हणतो.
खोकून दाखव.
पाहुण्यांसमोर पाढे म्हणावेत तसा खोकतो.
कपाळाला तळहात लावते, मग मनगट, मग गाल.
काजूच्या चिकाने माझ्या बोटांची साल गेली, आली, जाड झाली,
त्यांना ताप कळत नाही.
गालाला कळतो.
गाल म्हणतो, आहे.

कॅलेंडरवर पेन्सिलीच्या फुल्या:
जूनमध्ये सासूबाईंचा मोतीबिंदू,
ऑगस्टात याचेच गालगुंड, सलग चार.
उरली एक. आणि वर्षाचे साडेतीन महिने.
लोटलीकर साहेब नाही म्हणत नाहीत कधी,
फक्त वहीत बघतात,
जरा जास्त वेळ.

शाळेत मुलं आठ. आठच.
नागवेकर बाई म्हणतात, एक जरी कमी झालं
तरी शाळा शाळा वाटत नाही, शिकवणी वाटते.
आणि एकाला पडसं झालं की गुरुवारपर्यंत आठांना.
मागच्या खेपेस धाकट्या तन्वेशला दोन रात्री इस्पितळात ठेवलं.
कुणी कुणाचं नाव घेतलं नाही.
मी आठवडाभर त्यांच्या दारावरून गेले नाही,
तळ्याकडून लांबचा फेरा घातला.

तसं गोळी देऊनही पाठवता येतं.
अर्धी, साखरेच्या पाण्यात.
अकरापर्यंत पोर हसतं खेळतं,
मग बाईंचा फोन येतो
आणि आपण म्हणायचं, अगोबाई, सकाळी तर बरा होता.
हे वाक्य मला पाठ आहे.

"जातो मी," साईश म्हणतो. "बरं आहे मला."
शर्टाची बटणं लावू लागतो, एक घर चुकवून.

मी पेज ओतायला वळते
तर मडक्यावरची झाकणी तिरकी.
पेला उपडा, पण ओला,
आणि ओट्यावर गार पाण्याचं एक वर्तुळ.

"किती पेले?"
तो बटणाशी खेळतो.
"दोन."
मग, माझ्याकडे न बघता,
"तुझी एकच फुली उरलीये ना."

आठ वर्षांचा आहे.
हातच्याची बेरीज अजून चुकते त्याची.
वजाबाकी मी न शिकवताच आली.

डिचोलीची बस देवळापाशी हॉर्न देते,
एकदा, मग माझ्यासाठी म्हणून आणखी एकदा.
मी चुकलेलं बटण काढते,
त्याखालचंही, त्याखालचंही,
आणि त्याला पुन्हा चादरीत घालते.
पेन्सिलीचं टोक मोडलंय. नखाने फुली ओढते.

फोन लावते.
"साहेब, आज ताप आहे."
कुणाला, ते विचारत नाहीत.
पलीकडे वहीचं पान उलटतं.
अलीकडे पेज निवत असते,
आणि खाटेवरून आवाज येतो,
आता खरं खरं लावू का?